गॅलरीतून ऐकलेला बास्केटबॉल

अमेरिकेच्या बास्केटबॉलवर माझ्याइतकी कॉमेंट्री केलेला दुसरा माणूस भाईंदर पूर्वेला दाखवा, मी ग्रिलचा धंदा सोडून देईन. ऐकणारं माणूस एकच होतं, आणि ते टीव्हीकडे पाठ करून गॅलरीत उभं राहून म्हणायचं, "जास्त बोलू नको, पडला का न्हाय तेवढाच सांग."

त्या आमच्या मालकीणबाई. सगळे काकी म्हणायचे, मी पण काकीच म्हणायचो. जेसल पार्कच्या मागे त्यांची जुनी बिल्डिंग होती. खाली गाळे, वर खोल्या, पहिल्या मजल्यावर त्या स्वतः. सासऱ्यांची मिठागरं होती म्हणे, आता तिथे टॉवर उभे आहेत, आणि काकींच्या वाट्याला ही बिल्डिंग आली. गाऊन, त्यावर खांद्याला टॉवेल, हातात चाव्यांचा जुडगा. एका जागी बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नाही. जेवायच्यासुद्धा चालता चालता.

कोपऱ्यातला गाळा माझा. म्हणजे अकरा महिने माझा. पुढे धंदा, मागे आमचं बिऱ्हाड. मी खिडक्यांची ग्रिलं बनवतो. सातवीत शाळा सोडली, तेव्हापासून लोखंड. शाळेला विचारलंत तर ते म्हणतील आम्हीच ह्याला सोडलं. तर भाड्याचा गाळा म्हटलं की अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. ते संपलं की मालक एकतर नवीन कागद करतो, नाहीतर सामान उचल म्हणतो. मला सगळे उचलच म्हणाले. वरसाव्याला होतो, तिथून काढलं. शांती नगरच्या मागे होतो, तिथून पण काढलं, आवाज फार होतो म्हणून. वेल्डिंगवाल्याला गाळा देऊन वर शांतता मागणारे लोक आहेत. गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, "मिस्त्री, आता कुठे?" अर्ध्या लोकांना वाटायचं मी पोलिसांपासून पळतोय.

काकींच्या गाळ्यात टेम्पोतनं सामान उतरवतानाच बायको म्हणाली, "इथून पण काढलं ना, तर मी परत टेम्पोत बसणार नाही. सरळ नालासोपाऱ्याला माझ्या भावाकडे जायचं. त्याच्या हाताखाली काम कर, आणि वहिनीचं तोंड रोज तू बघ." भाऊ पण ग्रिलवालाच. माझ्याच हाताखाली शिकलेला. आता कळलं असेल, मला त्या गाळ्यात का टिकायचं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात सकाळी सकाळी मी ग्राइंडर चालू केला आणि वरून आवाज आला. "ग्रिलवाल्या, बंद कर तो. मॅच चालू हाय."

मला वाटलं क्रिकेट. म्हटलं, "काकी, सकाळी कसली मॅच?"

"तिकडं रात्र हाय," काकी म्हणाल्या. कुठे ते सांगितलंच नाही. मला माहीत असायला पाहिजे होतं जणू.

तेव्हापासून नियमच झाला. दिवाळीच्या आसपास त्यांचा सीझन चालू व्हायचा तो पार मे-जूनपर्यंत, आणि मॅच संपेपर्यंत माझा ग्राइंडर बंद. अमेरिकेच्या टायमावर शटर उघडणारा ग्रिलवाला आख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये मी एकटाच असेन. गिऱ्हाईक उभं राहायचं, मी म्हणायचो, "थांबा, अजून चौथा क्वार्टर बाकी आहे." गिऱ्हाईक माझ्या तोंडाचा वास घेऊन बघायचं.

काकींना हा नाद लावला तो वरच्या खोलीतल्या कॉल सेंटरवाल्या पोरानं. तो रात्रपाळी करून यायचा आणि सकाळी नेटवर मॅच लावायचा. काकी चावी मागायला गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. तो पुढे पुण्याला गेला, पण टीव्हीवर सगळं लावून देऊन गेला. दर रविवारी फोन करून तो तिकडच्या बातम्या सांगायचा. कोण कुठल्या टीममध्ये गेला, कुठल्या कोचला काढलं. काकी अर्ध्या गोष्टींवर विश्वास ठेवायच्या नाहीत, पण ऐकायच्या सगळ्या. कॉमेंट्री इंग्लिशमध्ये, म्हणून टीव्हीचा आवाज बंद. "त्यांना काय दिसतं ते मना कशाला? मना दिसतं ना."

पण शेवटची दोन मिनिटं काकींना बघवायचीच नाहीत. मॅच अटीतटीची झाली की त्या सरळ गॅलरीत जायच्या, टीव्हीकडे पाठ, दोन्ही हात कठड्यावर, नजर खाली रस्त्यावरच्या पाण्याच्या टँकरवर. जाता जाता कुकर लावायच्या. त्या खेळाची शेवटची दोन मिनिटं म्हणजे काय ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. फाऊल, टाइमआउट, अंपायर जाऊन टीव्हीत बघून येणार, परत फाऊल. तेवढ्यात काकींचा भात व्हायचा, वर वरणाला फोडणी पण पडायची.

मी एकदा त्यांच्या किचनच्या खिडकीचं माप घ्यायला वर गेलो होतो. नेमकी दोन मिनिटं चालू झाली. काकी गॅलरीत गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "टीव्हीत बघ आन सांग, पिवळ्यांनी टाकला काय."

मी बघितलं. म्हटलं, "टाकला."

मग म्हटलं, "परत टाकला." मग, "काकी, परत टाकला. तोच पोरगा आहे. जबरदस्त आहे हा."

काकी धावत आत आल्या. स्कोर बघितला, माझ्याकडे बघितलं. "एकदाच टाकलाय. ती लोकं तोच परत दाखवतायत."

आता क्रिकेटमध्ये पण परत दाखवतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तिथे आउट झालेला माणूस चालत जाताना दिसतो, समजतं. इथे सगळे सारखेच धावत असतात. त्या दिवशी मी ठरवलं, कोपऱ्यातला आकडा बदलल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. बॉल गेला की आधी आकडा बघायचा, नीट वाचायचा, मग सांगायचं.

पण पिवळे त्या दिवशी जिंकले. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून हाक. "काल तू होतास. ये." झालं. मी कामाला लागलो.

काकींची मतं कडक होती. लांबून बॉल टाकणं त्यांना अजिबात पटायचं नाही. "रिंगखाली सगळी जागा मोकळी पडलीय, आन ही पोरं रस्त्यावरनं फेकतात. दुसऱ्या मजल्यावरची बाई कचऱ्याची पिशवी वरनंच फेकते ना, जिना उतरायला नको म्हणून, तसाच." ती दुसऱ्या मजल्यावरची बाई त्यांचीच भाडेकरू होती आणि हे तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललेलं असायचं.

खेळाडूंची खरी नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. एक उंच गोरा होता, तो टॉवर. एक अंपायरशी सतत भांडायचा, तो भाऊजी. काकींचे दीर जमिनीच्या मोजणीला आले की असेच दोन्ही हात पसरून उभे राहायचे म्हणे. आणि एक होता नवरदेव. तो सगळ्यात मोठा खेळाडू, पण चार मॅचमधल्या एकीत सूट घालून बाजूला बसलेला. तिकडे आता पद्धतच आहे, धडधाकट माणसाला आराम म्हणून बसवतात.

"ह्याचा गुडघा दुखतोय काय?" मी विचारलं.

"दुखत न्हाय. पुढं दुखंल म्हणून बसलाय." काकी टीव्हीसमोरून पलीकडे गेल्या, परत आल्या. "आमच्या मिठागरावर उन्हाच्या दिवसात कोण बसला नसता. ऊन हाय तवर मीठ हाय. आन लोकांनी तिकीट काढलंय ते काय ह्याचा सूट बघायला?"

ज्या टीम मुद्दाम हरतात त्यांचं तर काकी नाव काढू द्यायच्या नाहीत. तिकडे म्हणे जो तळाला राहतो त्याला पुढच्या वर्षी नवीन पोरांमधला चांगला पोरगा आधी उचलायला मिळायची जास्त संधी. म्हणून अर्धा सीझन झाला की काही टीम हरायलाच खेळतात. मी म्हटलं, "काकी, आयडिया चांगली आहे." काकींनी मला तीन दिवस वर बोलावलं नाही. त्या तीन दिवसांत मी जेवढी ग्रिलं कापली तेवढी नंतर आख्ख्या महिन्यात कापली नाहीत.

कॉलेजची पोरं मात्र त्यांची लाडकी. "ती हरली की रडतात. पैसेवाले न्हाय रडत, ते मोबाईल काढतात." मग कॉल सेंटरवाल्यानं सांगितलं की आता कॉलेजच्या पोरांना पण पैसे मिळतात, आणि ती दर वर्षी कॉलेज बदलतात. मला वाटलं काकी चिडतील. त्या उलटंच बोलल्या. "पैसे द्यायलाच पायजेत. इतकी वर्षं फुकट घाम काढला पोरांचा, आन कोच बंगल्यात." मग चाव्या एका हातातून दुसऱ्या हातात. "पन बदलायचं कशाला? आज इथं, उद्या तिथं. पैसे घे, पन थांब ना. लोकांना तुझं नाव कळंस्तोवर तर थांब."

मी लगेच म्हटलं, "बरोबर आहे काकी. एका जागी थांबलेला माणूस बरा."

काकी म्हणाल्या, "मी पोरांचं बोलतंय."

आता ती बिल्डिंग नाही. पाडली. काकी वसईला लेकीकडे टॉवरमध्ये राहतात. मी एकदा जाऊन आलो. नेट एकदम फास्ट, टीव्ही भिंतीएवढा, पण गॅलरीच नाही. काच आहे, आणि ती काच उघडत नाही. शेवटच्या दोन मिनिटांना त्या कुठे जाऊन उभ्या राहतात, मी विचारलं नाही.

तर तेव्हा माझं अ‍ॅग्रीमेंट मार्चच्या शेवटी संपत होतं. जानेवारीतच मोबाईल कव्हरवाला यायला लागला. शांती नगरला त्याचं चकाचक दुकान होतं, दुसरं काढायचं होतं. माझ्या गाळ्यासमोर उभा राहून तो मापं घ्यायचा, नजरेनं. मला म्हणायचा, "भाई, आपका कब तक है?" जसं काय मी हॉस्पिटलमध्ये आहे.

त्याच घाबरेपणात मी एक पडण्याचा प्रकार केला. काकींच्या दारात ग्रिल घेऊन चाललो होतो, जिन्यावर पाय सरकला. खरंच सरकला. पण पाय सरकल्यावर माझ्या मनात आलं, ह्यांच्या जिन्यात पडलो तर ह्यांना माझी दया येईल. मग मी उरलेलं सगळं स्वतःच्या मेहनतीनं पडलो. "आई गं, कंबर" करून जिन्यातच आडवा. शेजारच्या गुजराती बेन पाणी घेऊन धावल्या, त्यांच्या सासूबाईंनी बाम काढला. काकी बाहेर आल्या, मला बघितलं आणि आत गेल्या.

थोड्या वेळानं हाक आली. "सगळे आत या. त्याला पन आणा."

जिन्यातल्या कॅमेऱ्याचं शूटिंग त्यांनी टीव्हीवर लावलं होतं. मी, पस्तीस किलोचं ग्रिल आणि माझा पाय, टीव्हीभर मोठे. काकी रिमोट घेऊन उभ्या.

"हा पाय सरकला. बरोबर. हात कुठं हाय? कठड्याला धरलेला हाय." पुढे नेलं. मागे आणलं. "आता बघा. इकडं बघितला. तिकडं बघितला. कोण हाय काय बघितला. आन आता हात सोडला. ग्रिल पन आधी नीट भिंतीला टेकवून ठेवलंय बघा."

बेन तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सासूबाईंनी बामची डबी बंद केली.

"फाऊल न्हाय," काकी म्हणाल्या. "ऊठ." आणि मी उठलो, कंबरेला काही झालेलंच नव्हतं. जिन्याचा कठडा हलत होता तो मी त्याच दिवशी वेल्डिंग मारून दिला, फुकट. त्यावर पण त्यांनी मागे उभं राहून बघितलं, टाका नीट पडलाय का.

मार्च आला. मार्चमध्ये कॉलेजवाल्यांची हरला-की-घरी अशी मोठी स्पर्धा असते, आणि त्या महिन्यात काकींशी कुठलंही बोलणं म्हणजे वाया. पंपवाला, लाईटवाला, लेकीचा फोन, सगळ्यांना "नंतर." मी अ‍ॅग्रीमेंटचं विचारलं तर म्हणाल्या, "माझी जांभळी पोरं हरेपर्यंत कागदाचं नाव काढायचं न्हाय." जांभळ्या कपड्यातलं एक बारकं कॉलेज होतं. कॉल सेंटरवाल्यानं सांगितलेलं की त्यातली बरीच पोरं चारही वर्षं एकाच कॉलेजात राहिलेली. काकींना तेवढं पुरलं.

आता माझी हालत बघा. जांभळी पोरं जिंकली की माझा गाळा अजून थोडे दिवस माझा. हरली की निकाल. मी आयुष्यात कुणासाठी नवस बोललो नाही, बायकोच्या बाळंतपणात पण नाही, तो ह्या जांभळ्यांसाठी बोललो. पोरं पहिली मॅच जिंकली, मी खाली येऊन बायकोला सांगितलं, "शनिवारपर्यंत आहोत." दुसरी जिंकली, म्हटलं, "अजून एक आठवडा." बायको म्हणाली, "आपलं घर आता त्या पोरांच्या पायावर आहे का?" मी म्हटलं, "हातावर. पाय चालत नाही त्यात."

कव्हरवाल्याला हे कळलं. तो पण सकाळी यायला लागला, हातात गरम फाफडा. आणि तो माझ्यासारखा कोरा नव्हता. मोबाईलवरून सगळं शिकून आला होता. "मौसी, इसका लेफ्ट हँड वीक है. मौसी, ये कोच दूसरे हाफ में झोन लगाता है." काकी वळून बघायच्या. त्यानं सांगितलं तसंच व्हायचं. मी कोपऱ्यात बसून फाफडा खायचो. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे एकच गोष्ट होती, भूक.

तिसऱ्या मॅचला काकी सकाळपासून एका जागी ठरत नव्हत्या. टीव्हीपासून किचन, किचनपासून दार. मी पण बसलेला नव्हतो, दाराच्या कडीशी उगाच खेळत होतो. मॅच शेवटपर्यंत खेचली गेली. दोन मिनिटं लागली, काकींनी कुकर लावला आणि गॅलरीत गेल्या.

"सांग," त्या म्हणाल्या. कुणाला, ते सांगितलं नाही. मीच बोलायला लागलो.

"काकी, समोरच्यांचा एक पॉइंट जास्त. बॉल आपल्याकडे. टाइमआउट घेतलाय. कोच खडूनं काहीतरी काढतोय. आता उठले. पाण्याच्या बाटल्या ठेवल्या."

"पुढं."

"बॉल आत दिला. तो बारका पोरगा आहे, केस बांधलेला. पळतोय."

सोफ्यावरून कव्हरवाला मोबाईल बघत म्हणाला, "गया मौसी. हार गए. एक पॉइंट से."

मी टीव्हीकडे बघितलं. पोरगा अजून पळतच होता. बॉल त्याच्या हातात. मला काही कळेना. नंतर समजलं की नेटवरचा टीव्ही मागे असतो आणि मोबाईलमधला आकडा त्याच्या पुढे पळतो. पण तेव्हा मला वाटलं ह्याला भविष्य दिसतं.

काकी वळल्या. शेवटच्या क्षणाला तोंड टीव्हीकडे केलेलं मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. आम्ही तिघं उभे. टीव्हीत पोरानं दोघांना चुकवलं, उडी मारली, बॉल सोडला. लोक उभे राहिले होते, पोराच्या आईबापांसारखी दोन माणसं हात धरून उभी होती. बॉल रिंगच्या कडेवर बसला, फिरला, आणि बाहेर पडला. काकींच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. हलायला काही ठेवलंच नव्हतं.

जांभळी पोरं खाली बसून रडायला लागली. कुकरची शिट्टी झाली. काकींनी आत जाऊन गॅस बंद केला आणि बाहेर आल्या.

"तेरेको कब मालूम पडा?" त्यांनी कव्हरवाल्याला विचारलं.

"फेंकने से पहले ही, मौसी. अ‍ॅप में आ गया था."

"वो पोरगा दौड रहा था तब?"

"हां, तब ही."

"उसको मालूम नहीं था, मेरेको मालूम नहीं था. तू बोला."

"मौसी, रिझल्ट तो वही था ना."

काकींनी फाफड्याची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. "शांती नगर में अच्छा दुकान है तेरा. वहीं बैठ."

तो गेला. मी कडी धरून उभा. खाली टँकरवाला हॉर्न देत होता, काकी तिकडे गेल्या नाहीत. टीव्हीतली पोरं एकमेकांना उठवत होती, ती बघत राहिल्या. मग टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "कागदवाल्याला सांग, उद्या येऊन जा. अकरा महिन्यांचं."

एवढ्यावर मी गप्प बसायला पाहिजे होतं. बायको खाली शटरपाशी उभी राहून वर बघत होती, तिला हातानं खूण करून सांगायचं आणि जिना उतरायचा. पण माझी छाती फुगली होती. मी म्हटलं, "काकी, मला माहीत होतं. त्या पोराकडे नुसता मोबाईल. खेळ कळायला मुरावं लागतं. तुमच्याबरोबर एवढे महिने बसून आता मला पण त्यातलं कळायला लागलंय."

काकी भाताचं झाकण काढत होत्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुला काय कळत न्हाय," त्या म्हणाल्या. "बॉल पडतो, लोकं नाचतात, बसतात, मग तुझं तोंड उघडतं. तवर मना रामाचं नाव घ्यायला मिळतं. म्हणून ठेवलाय तुला. शिकायला बिकायला जाऊ नको. शिकलास तं गाळा खाली कर."